ऑर्डरमधला तिसरा

ऑर्डर म्हणजे
दोन्ही पक्षांनी सही केलेला तो कागद,
ज्यावर काय, किती आणि कधीपर्यंत
एवढंच असतं.
बाकी सगळं मूळ करारात.
मूळ करार कोणी वाचत नाही.
त्यातल्या व्याख्या मी लिहिते.

तार्तूत नोव्हेंबरचे साडेतीन वाजले की दिवे लागतात.
खालच्या बेकरीतला वेलदोड्याचा वास जिन्याने वर येतो
आणि मी 'मुदत' या शब्दापाशी अडते.
मुदत सुरू होते कधी?
सही झाली तेव्हा, की पैसे पोचले तेव्हा,
की कुणीतरी पहिल्यांदा लॉगिन केलं तेव्हा?
तीन दिवसांच्या या फटीवरून
अकरा महिने चाललेलं भांडण मी पाहिलंय.

आमच्या भाषेला भविष्यकाळ नाही.
'उद्या येते' म्हणायचं आणि उद्यावर सोडायचं.
करारात मात्र उद्याला खिळा ठोकावा लागतो:
साठ दिवस आधी लेखी कळवलं नाही
तर वर्गणी आपोआप पुढे चालू.
आपोआप.
या एका शब्दात किती पाणी मुरतं
ते विक्री विभागातल्या तावेतला विचारा,
त्याचं घर त्यावर उभं आहे.

तर हियुमा बेटावरच्या वाचनालयाची ऑर्डर.
संख्या: तीन. प्रकार: नामित वापरकर्ता.
नामित वापरकर्ता म्हणजे
ऑर्डरमध्ये जिचं नाव आहे अशी नैसर्गिक व्यक्ती;
तिचं लॉगिन दुसऱ्या कोणाला वापरता येणार नाही.
त्या अर्धविरामाचा मला अभिमान होता.
एक पळवाट त्याने बुजवली होती, डागडुजी न दिसता.

नावं: वाइके. ओइए. एंडेल.
एंडेल मार्चमध्ये वारला.
तरी रोज सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी
एंडेलचं लॉगिन उघडतं.
काही बदलत नाही, काही छापत नाही,
वीस मिनिटं एकच नोंद उघडी राहते:
बेटावरच्या जुन्या बोटींची नावं, त्याने जमवलेली,
'मेरिके'पाशी थांबलेली.

तावेत म्हणाला, भंग. कलम सात.
वसुली करा नाहीतर बंद करा.
तो वाईट माणूस नाही,
त्याला महिन्याचा आकडा गाठायचा असतो.

मी वाइकेला फोन केला.
मागे खिडकीची झडप आपटत होती.
ती म्हणाली, 'यादी पुरी करतो आहे.'
म्हणजे मी इथे असं लिहिलं.
ती बोलली त्या वाक्यात 'तो' नव्हता, 'ती'ही नव्हती,
आमच्या सर्वनामाला बाई-पुरुष कळत नाही,
आणि क्रियापदाला आज-उद्या.
कोण पुरी करतं, आणि कधी,
हे नेमकं करून घेण्याचाच मला पगार मिळतो.
मी विचारलं नाही.
हवेबद्दल बोललो. फेरी बंद होती, बर्फ अजून नव्हता.

नूतनीकरणाचा फॉर्म पाठवला, छापील आकडा तीन.
डिसेंबरात तो टपालाने परत आला.
ईमेल असताना टपालाने.
निळ्या शाईने तीन खोडून दोन केलेले,
बाजूला 'वा.' अशी आद्याक्षरी सही.
मग दोन खोडून पुन्हा तीन,
पुन्हा 'वा.', या वेळी जरा वाकडी,
कागद गुडघ्यावर धरून केल्यासारखी.

कलम बावीस सांगतं:
छापलेलं आणि हाताने लिहिलेलं यांत विरोध आल्यास
हाताने लिहिलेलं ग्राह्य.
इथे दोन्ही हातानेच.
एकाच हाताने, एकाच शाईने,
मधे किती वेळ गेला ते शाई सांगत नाही.

'ग्राह्य काय धरायचं?' तावेतने दारातूनच विचारलं,
कोट अर्धा चढवलेला.
'शेवटचं,' मी म्हटलं.

आणि शेवटचं म्हणजे काय,
याची व्याख्या आमच्या करारात कुठेही नाही.
तो गेल्यावर मी शोधली.